ग्राफवाल्याचं नाव

सोलापूरचं गिऱ्हाईक कापड हातात घेतलं की आधी ते उलटं करून बघतं. दुकानदार वरची बाजू दाखवत असतो, रंग कसा खुललाय ते सांगत असतो आणि समोरची बाई शांतपणे कोपरा धरून खालची बाजू वर करते, अंगठ्यानं घासते, उजेडाकडे धरते. चाटी गल्लीत कुठल्याही दुकानाशी थोडा वेळ थांबा, हेच दिसेल. ही सवय चादरीनं लावली आहे. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीला वाईट बाजू नसते. वर लाल जमिनीवर पांढरा मोर असला तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल मोर असतो. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, जागा बदलतात आणि चित्र आरपार जातं. ते कापडावर बसलेलं नसतं, कापड त्याचंच झालेलं असतं.

म्हणून आमच्या गावात छापील कापडाला मान कमी. ‘प्रिंट आहे नुसतं’ असं म्हणून लोक ठाण बाजूला सारतात. मला तसं कधी वाटलं नाही, कारण आईच्या वायलच्या साड्या. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ पर्यंत चढतो. तेव्हा इरकल, नारायणपेठ सगळं पेटीत जायचं आणि आई छापील वायलवर यायची. बारीक फुलं, टिंबं, कधी नुसत्या पानांच्या वेली. त्या साड्या दोन उन्हाळ्यांत विटायच्या. तरी माझ्या डोक्यात उन्हाळा म्हणून जी काही चित्रं आहेत त्यांतली बरीचशी त्या पदरांवरची आहेत. ती कोणी काढली असतील हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. घरात एक चित्र काढणारा माणूस दिवसरात्र बसलेला असूनही पडला नव्हता.

तो माणूस म्हणजे आमचे आप्पा. त्यांनी सगळी उमर चादरींचे ग्राफ काढले, म्हणजे चौकटींच्या कागदावरच्या नक्ष्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी, ठोक कामावर, ग्राफमागं पैसे. मी शाळेत चित्रकला शिकवते, ग्रेड परीक्षांना मुलं बसवते. संकल्पचित्राच्या पेपरला मुलं वर्तुळं-त्रिकोण एकमेकांत अडकवून रंगवतात आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारते, बाई, ह्याचं पुढं काय होतं? त्या प्रश्नाचं एक उत्तर गेल्या उन्हाळ्यात कुरियरनं घरी आलं.

माझी भाची पुण्यात एका छोट्या कपड्यांच्या लेबलमध्ये काम करते. मोजून चार-पाच माणसं, एक खोली, शिवणारे बाहेरचे. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक सीझनला एका चित्रकाराला बोलवायचं, त्याच्याकडून चार-सहा चित्रं घ्यायची आणि त्या सीझनचे कुर्ते, शर्ट, स्कर्ट सगळे त्याच चित्रांच्या प्रिंटमधून करायचे. सीझन संपला की ते प्रिंट बंद. उन्हाळ्याच्या कलेक्शनमधला एक कुर्ता तिनं मला पाठवला. विषय कडुनिंब. मी तो उघडला आणि खिडकीशी नेला. निंबाची पानं सगळे हिरवी काढतात. ह्या चित्रकारानं चैत्रातली कोवळी, तांबूस, तेल लावल्यासारखी चमकणारी पालवी काढली होती. खालून वर जाताना ती हळूहळू पोपटी होत होती आणि मधूनमधून पांढऱ्या मोहराचे झुबके. पानाची कातरलेली कड एका दमात ओढलेली होती, कारण ब्रशचे केस जिथं फाकले तिथं कोरड्या रेघा तशाच छापल्या गेल्या होत्या. मानेच्या आतल्या बाजूला, जिथं एरवी नुसता साइज असतो, तिथं सीझनचं नाव आणि त्याखाली चित्रकाराचं नाव, लेबलच्या नावाएवढ्याच अक्षरांत.

ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग कुर्ता आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

आप्पांनी सवयीप्रमाणे आधी उलटा केला. आतून फिकट. ‘छापलंय,’ म्हणाले. मग सुलटा करून गादीवर पसरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि तर्जनी कापडावर ठेवून सरकवायला लागले. मला वाटलं पोत बघतायत. एका झुबक्यापाशी बोट थांबलं, तिथून तिरपं खाली गेलं, दुसऱ्या झुबक्यावर टेकलं. ‘हितं सुरू, हितं परत. मधी अर्धं खाली सरकवलंय. हुशारै.’

ते रिपीट शोधत होते. कापडावरचं कुठलंही चित्र अखेर एक तुकडाच असतो. तो डावीकडून उजवीकडे, वरून खाली पुन्हा पुन्हा लागत जातो. नवखा माणूस तुकडा सरळ ओळीत लावतो आणि मग लांबून बघितलं की कापडावर पट्टे दिसायला लागतात. जाणता माणूस शेजारचा तुकडा अर्ध्या उंचीनं खाली सोडतो, त्यामुळे नजर तिरपी फिरत राहते आणि जोड सापडत नाही. चित्रकाराच्या कागदावरचं सुंदर झाड कापडावर जाताना बहुतेक वेळा इथंच मरतं. कागदाला चार कडा असतात, चित्र त्या कडांच्या आत तोललेलं असतं. कापडाला कडा नाहीत. उजवी कड डावीला भिडली पाहिजे, वरची खालच्या कडेला, आणि कुठलाही एक झुबका इतका ठसठशीत असता कामा नये की दर दोन वितींवर तोच डोळ्यात भरेल. हे काम चित्रकार करतोच असं नाही. पुष्कळदा लेबलमधली दुसरीच कोणी तरी मुलगी संगणकावर ते जुळवत बसते. भाचीच्या लेबलमध्ये ते काम भाचीच करते. आप्पांच्या तोंडून निघालेलं ‘हुशारै’ मी तिला लगेच फोन करून कळवलं.

पण आप्पांचं बोट तिथं थांबलं नव्हतं. ते खांद्यावरून मागे गेलं. ‘पाठीवर पानं उलटी लागली बघ.’ खरंच, योकच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्यालगतच्या, तुकड्यावर निंबाची डहाळी वर तोंड करून होती. निंब लोंबतो. पुढं तो लोंबत होता आणि पाठीवर उभा राहिला होता. असल्या चित्राला दिशा असते, त्यामुळे कटिंग मास्टरला प्रत्येक तुकडा एकाच दिशेनं लावावा लागतो, कापड जास्त जातं, चिंध्या जास्त पडतात. छोट्या लेबलला एकेक मीटर जड असतो, मग पाठीचा तुकडा फिरवून लावायचा मोह होतो. मी म्हणेन, फिरवू नये. चित्रकाराचं नाव मानेत लावायचं ठरवलं की त्याच्या झाडाला उलटं टांगायचा हक्क उरत नाही. त्यापेक्षा योकला साधं कापड लावावं.

आता आप्पांच्या कामाबद्दल. ते कळल्याशिवाय मला त्या नावाचं एवढं का वाटलं ते कळणार नाही.

चादरीचा ग्राफ म्हणजे चौकटींचा मोठा कागद. उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. जिथं रंग भरला तिथं ताणा वर येणार, जिथं कोरं ठेवलं तिथं खाली राहणार. आप्पा आधी शिसपेन्सिलीनं मोर काढायचे, अगदी मोकळ्या हातानं, मान वळवलेला, पिसारा मिटलेला. तो मोर देखणा असायचा. मग त्याच्यावर चौकटी बसायच्या आणि मोराच्या मानेची गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची व्हायची. ग्राफवाल्याची सगळी कला त्या पायऱ्या लपवण्यात. कुठली चौकट भरायची आणि कुठली सोडायची, म्हणजे पांघरणाऱ्याच्या डोळ्याला वळण गोल वाटेल. सलग मोठा भाग भरून चालायचं नाही, कारण धागा तिथं लोंबता राहणार, कुणाच्या तरी पैंजणात अडकणार. म्हणून मधेमधे एकेक चौकट सोडून धागा दाबून घ्यायचा आणि ती सुटलेली चौकट नक्षीचाच भाग वाटली पाहिजे. लाल जलरंगाची वाटी, बारीक ब्रश आणि रात्री दहानंतर, शेजारपाजारचे माग गप्प झाल्यावर. गप्प म्हणजे तरी काय, कुठला ना कुठला माग खडखडत असायचाच.

ग्राफ तयार झाला की पंचिंगवाल्याकडे जायचा. ग्राफच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड, भोकं पाडलेलं. ती कार्डं दोरीनं ओवून मागाच्या डोक्यावर टांगायची. ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डची, १८०४ सालची. तिथल्या रेशमासाठी निघालेली ही गोष्ट फिरत फिरत सोलापुरात आली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हाती लागून सुती चादर झाली. पुढे सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, गावाचं नाव कागदावर आलं. कारखान्यांची नावं तर चादरींवर पहिल्यापासून होतीच, कोपऱ्यात शिवलेली. गिरण्यांच्या कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असायचं. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. आज त्यांतली कुठलीच चालत नाही, तरी म्हाताऱ्या माणसांना त्या नावांची कापडं आठवतात. चित्र काढणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नव्हतं. हजारो घरांत आप्पांचे मोर अंथरले गेले, एसटीत, बाळंतिणीच्या खोलीत, लग्नात पाहुण्यांच्या गाद्यांवर. एकालाही माहीत नाही की ती मान कुणी वळवली.

मी हे आप्पांना बोलले तर ते म्हणाले, ‘नाव कशाला पायजे गं? चादर खपली की झालं.’ ते खरोखर तसंच मानतात. मी मानत नाही.

जगात हे वेगळं होऊ शकतं याचे दाखले आहेत आणि मी मुलांना वर्गात ते सांगते. १९११ च्या सुमारास पॅरिसमध्ये पॉल प्वारे नावाच्या शिंप्यानं राउल द्युफी ह्या चित्रकाराला लाकडी ठसे कोरायला बसवलं. त्यातून छापलेल्या कापडांनी एवढं नाव काढलं की पुढच्याच वर्षी ल्योंच्या बियांकिनी-फेरिए ह्या रेशीमवाल्यांनी त्याला करारावर उचललं. चित्रकार आपल्या नावासकट जॅकार्डच्याच गावात जाऊन पोचला आणि तिथं त्याची चित्रं छापलीही गेली, विणलीही गेली. चित्रकार सोनिया दलोने ही मूळची युक्रेनकडची. मुलगा झाला तेव्हा तिनं तिकडच्या शेतकरी बायकांसारखी तुकडे जोडून त्याच्यासाठी गोधडी शिवली. साल पुन्हा १९११. त्या तुकड्यांच्या रंगांतून तिची पुढची सगळी चित्रकला निघाली आणि पुढे कापडंही. हे मी सांगते तेव्हा मुली हसतात, कारण आमच्या शाळेतल्या प्रत्येकीच्या घरी वाकळ आहे. त्या हसल्या की मला बरं वाटतं, कारण मग त्या घरी जाऊन वाकळ नीट बघतात.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते फिनलंडचं मारिमेक्को. १९५१ मध्ये हेलसिंकीत आर्मी रातियानं ते सुरू केलं. तिच्या नवऱ्याच्या कारखान्यात चित्रकारांकडून नक्ष्या काढून घेऊन कापड छापत होते. लोकांना ते कापड आवडायचं, पण ह्याचं करायचं काय ते कळायचं नाही. म्हणून मग त्या कापडाचे झगे शिवून दाखवायचा कार्यक्रम केला आणि त्या कार्यक्रमातून कंपनी उभी राहिली. म्हणजे कपडे चित्रासाठी जन्माला आले. फुलांच्या नक्ष्या नकोत, असं आर्मीचं धोरण होतं. फूल झाडावरच चांगलं दिसतं, असं तिचं मत. १९६४ मध्ये मैया इसोलानं ते न जुमानता खसखशीची मोठमोठी फुलं काढली आणि ती ‘उनिक्को’ नक्षी साठ वर्षांनंतरही छापली जाते. ह्या कापडाच्या काठावर नक्षीचं नाव, काढणाऱ्याचं नाव आणि साल छापलेलं असतं. आमच्या गिरण्या जिथं स्वतःचं नाव छापायच्या, बरोबर त्याच जागेवर. कापड तेच, काठ तोच, शाई लागली असती तेवढीच.

आपल्याकडेही चित्रकार आणि कापड यांची गाठ पडली होती. १९५० च्या दशकात सरकारनं विणकर सेवा केंद्रं काढली, पुपुल जयकरांच्या पुढाकारानं, आणि तिथं तरुण चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये तिथं लागले आणि काही वर्षं वाराणसीच्या केंद्रात होते. अकोल्याचे अंबादास तिथं होते. के. जी. सुब्रमण्यन यांनी हातमाग मंडळात डिझाइनचं काम बघितलं. भास्कर कुलकर्णी याच व्यवस्थेतून मिथिलेत गेले, वारल्यांच्या पाड्यांवर गेले आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताचं काम जगापुढे आलं. आज बरवे, अंबादास यांची चित्रं संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या खाली नावं आहेत. त्याच हातांनी विणकर सेवा केंद्रात काढलेल्या नक्ष्यांच्या साड्या कितीतरी बायका नेसल्या असतील. त्यांना कुणी सांगितलं असेल?

भाचीच्या लेबलला जे जमतं ते आताच का जमतं, याचं कारण मात्र थोर विचारांत शोधू नये, ते छपाईच्या यंत्रात आहे. स्क्रीनच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे रंग पाडायची वेगळी जाळी, लागते. कडुनिंबाच्या त्या कुर्त्यात रंगांच्या इतक्या छटा होत्या की त्या सगळ्या स्क्रीनवर बसवायच्या तर शेकडो मीटर छापल्याशिवाय खर्च निघाला नसता. शिवाय रोटरी, म्हणजे गोल फिरणाऱ्या, स्क्रीनचा घेर साधारण ६४ सेंटिमीटर, चित्राला त्या मापात बसावं लागतं. डिजिटल छपाईत स्क्रीनच नाही. सुती कापडावर आधी सोडा, युरिया आणि खळ चढवतात, मग रिअॅक्टिव्ह शाईनं थेट छापतात, वाफ देतात, धुतात. मीटरचा भाव चढा पडतो, पण पन्नास मीटरसुद्धा छापून मिळतं. पन्नास मीटरची जोखीम चार-पाच माणसं घेऊ शकतात आणि म्हणून ती कुणाही अनोळखी चित्रकाराकडे जाऊन ‘तुम्हाला जे वाटेल ते काढा’ असं म्हणू शकतात. शिवाय ब्रशचे केस फाकलेले दिसतात ते ह्याच छपाईत.

याच यंत्राची दुसरी बाजूही आहे. कुणाचंही चित्र उचलावं, साफ करावं आणि आठवड्यात बाजारात उतरवावं, हेही तेवढंच सोपं झालंय. वारली चित्रांचं जे चाललंय ते बघवत नाही. उशांचे अभ्रे, मोबाइलची कव्हरं, सगळीकडे तारपा वाजतोय आणि काढणाऱ्याला पैसा नाही. इथं कायदा समजून घ्यावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १५ वं कलम म्हणतं की नोंदणी होऊ शकेल असं डिझाइन असूनही ते नोंदवलं नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं त्याचे ५० पेक्षा जास्त नग यंत्रावर काढले गेले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपला. पन्नास कुर्ते! छोट्या लेबलचा एकाच साइजचा गठ्ठा. टाळायचं असेल तर २००० सालच्या डिझाइन्स कायद्याखाली आधी नोंदणी करायची, दहा वर्षांचं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढतं. पण ‘आधी’ म्हणजे खरोखर आधी. एकदा डिझाइन लोकांपुढे आलं की ते नवं राहत नाही आणि नोंदणी मिळत नाही. माझ्या मते चित्रकाराशी करार करतानाच ही नोंदणी लेबलनं स्वतःच्या खर्चानं करावी.

बाकी करार कसा असावा याला ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण मला पटतं. मेलबर्नचं गॉर्मन हे लेबल चित्रकारांच्या प्रिंटसाठीच ओळखलं जातं. २०१९ मध्ये त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगच्या मंगकाजा आर्ट्स ह्या आदिवासी कलाकेंद्रातल्या पाच चित्रकारांच्या चित्रांवर कलेक्शन काढलं. चित्रं वापरण्याचा परवाना तिथल्या कॉपीराइट एजन्सीमार्फत ठरवला गेला आणि कोणत्या कपड्यावर कोणाचं चित्र, हे नावानिशी सांगितलं गेलं. मोठं दुकान आणि दूरचा पाडा यांच्यामध्ये कायदा जाणणारं तिसरं कुणीतरी बसलं, हे त्यातलं महत्त्वाचं. आपल्याकडे असं बसणारं कोण, हे मला जाणकारांना विचारायचं आहे.

कुर्ता मी घालते. बाजारात, शाळेत, लग्नाला सुद्धा एकदा. भाजीवाल्या मावशींनी ‘निंब हाय काय वो हा?’ असं विचारलं आणि पदराखालून हात काढून बाहीवरचं पान चिमटीत धरून बघितलं. प्रदर्शनात कुणी चित्राला हात लावू देत नाही. किंमत ऐकून मात्र त्या गप्प झाल्या आणि ती अडचण खरी आहे. अडीच हजारांत सोलापुरात घरच्या सगळ्यांना चादरी येतात. चित्रकाराचे पैसे, थोड्याच मीटरची छपाई, नीट मजुरी हे सगळं धरलं तर लेबलला फार सुटत नाही, हे मी हिशेब बघून सांगू शकते. तरी मावशींच्या अंगावर ते कापड येत नाही तोवर हे काम अर्धंच आहे असं मला वाटतं. निदान रुमाल तरी करा, टॉवेल करा, असं मी भाचीच्या मागे लागले आहे. टॉवेलला तर आमच्याइतकं कोणी जाणत नाही.

दुसरी गोष्ट मी तिच्या मागे लागले ती ऋतूंची. लेबलांचे सीझन ठरलेले, उन्हाळी आणि हिवाळी, आणि हिवाळ्यात जाड कापड, गडद रंग. आमच्या हिवाळ्याला जाड कापड लागतच नाही. त्याची चिन्हं निराळी. परतीच्या पावसानंतर पेरलेली मालदांडी ज्वारी डिसेंबरात हुरड्यावर येते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गवत पिवळं होऊन वाळतं आणि काळवीट त्यात लपेनासे होतात. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळावर माळढोक दिसणं आता दुर्मिळ, पण धाविक दिसतो, चंडोल वर चढत गातो. मग संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं. होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरतो, पाळणे फिरतात. हा आमचा हिवाळी सीझन. तो कुणी कापडावर काढलेला नाही, असं मी एकदा फोनवर तावातावानं म्हणाले आणि पलंगावर बसलेले आप्पा म्हणाले, ‘काढलाय की.’

ट्रंक उघडली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ग्राफच्या सुरळ्या होत्या, नापास झालेल्या. ज्या ग्राफचे पैसे मिळाले तो कारखान्याचा, जो नाकारला तो परत घरी. एका सुरळीत ज्वारीचं ताट निघालं. वर भरलेलं, किंचित झुकलेलं कणीस, खालची दोन पानं वाळून मुरगळलेली, आणि शेजारचं ताट अर्धं खाली सरकवलेलं. कणसातला दाणा न दाणा एकेका चौकटीचा. ‘शेठ म्हणले, कणीस कोण पांघरणार? मोर द्या, गुलाब द्या.’ दुसऱ्यात गड्ड्यातला पाळणा. त्याचं वर्तुळ चौकटींतून इतकं सफाईनं वळवलेलं की मला बोटानं तपासावं लागलं. तिसऱ्यात गवतात उभा माळढोक, मान ताठ, छातीवर काळी पट्टी.

भाचीला फोटो पाठवले. तिचं लेबल पुढच्या हिवाळ्यासाठी हे घ्यायला तयार आहे. कधी विणले गेले नाहीत, बाजारात आले नाहीत, त्यामुळे डिझाइनची नोंदणीही मागता येईल. चौकटी तशाच दिसू द्यायच्या, गुळगुळीत करायच्या नाहीत, हे मी पहिल्या फोनमध्येच सांगितलं. ठरलेली रक्कम, शिवाय नगामागं हिस्सा, मूळ कागद परत, मानेत नाव. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं परत म्हणतील, नाव कशाला पायजे.

त्यांनी माळढोकाचा कागद उचलून बाजूला ठेवला. ‘हा माझा नाही. पक्षी माझ्या जोडीदाराचा. गवत तेवढं मी भरलं, त्याचे डोळे गेले होते तेव्हा. पाळण्याचं वर्तुळ पण त्याचंच, माझ्याच्यानं असं वळत नव्हतं.’ मग कणसाच्या कागदावर हात ठेवला. ‘हे माझं.’

जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा विडी घरकुल वसाहतीत राहतो. लेबलचा फॉर्म आला तेव्हा त्यावर कलाकाराच्या नावाला एकच ओळ होती. मी भाचीला दोन करायला लावल्या आणि पैशाचं पानही दोन भागांत मागितलं. रविवारी आम्ही विडी घरकुलात जाणार आहोत. मी एकटीच जाऊन येते म्हणाले, तर आप्पा ऐकेनात. हिशेबाचं बोलणं मीच करणार, म्हणाले, आणि माळढोकाचा कागद नव्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला.